नाव तेच, घर नवं: मधले दोन दिवस टाळायचे कसे?

प्रश्न: मी खांदा कॉलनीत राहते आणि घरून छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाईट बनवून देते. खांदेश्वर स्टेशनजवळ राहणाऱ्या एक ताई उकडीचे मोदक आणि फराळाच्या ऑर्डर घेतात. गेल्या महिन्यात त्यांची साईट मी एका होस्टिंगवरून दुसऱ्या होस्टिंगवर हलवली. डोमेन नव्या सर्व्हरकडे पॉइंट केलं आणि पुढचे दोन दिवस नुसता गोंधळ झाला. माझ्या मोबाईलवर नवी साईट दिसायची, घरच्या वायफायवर जुनी. कामोठ्याच्या मावशीला नवी, सानपाड्याच्या भावाला जुनी. ताई तासातासाला फोन करायच्या, ‘झालं का गं?’ होस्टिंगवाले म्हणाले, ‘प्रॉपगेशन चालू आहे, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात.’ हे नेमकं काय चालू असतं? नवी साईट नीट चालते का, हे त्याआधी तपासता येत नाही का? गणपतीच्या ऑर्डर सुरू व्हायच्या आत मला आणखी दोन साईट हलवायच्या आहेत. त्यातल्या एकीचं डोमेन देवनागरीत, डॉट भारत आहे. त्याने काही फरक पडतो का?
एक वाचक, खांदेश्वर

उत्तर: त्या दोन दिवसांत काहीही चालू नसतं. ‘प्रॉपगेशन’ म्हणजे पसरणं, आणि हा शब्द ऐकला की वाटतं, तुम्ही केलेला बदल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे असा जगभर सरकत चाललाय. तसं काही होत नाही. तुम्ही बटण दाबलं त्यानंतर काही क्षणांत, फार तर काही मिनिटांत, तुमच्या नेमसर्व्हरवर, म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरवर, नवा पत्ता लागलेला असतो. उरलेला सगळा वेळ लोकांकडे असलेल्या जुन्या नकला बाद होण्यात जातो.

तुमच्या सोसायटीतलंच उदाहरण घ्या. सेक्रेटरींनी गरजेच्या फोन नंबरांची यादी केली आणि खाली लिहिलं, ‘ही यादी ३१ तारखेपर्यंत ग्राह्य’. घरोघरी तिची झेरॉक्स गेली. १० तारखेला प्लंबरचा नंबर बदलला आणि सेक्रेटरींनी मूळ यादीत तो लगेच दुरुस्तही केला. पण कपाटाच्या दाराला झेरॉक्स चिकटवलेली असताना ३१ तारखेआधी सेक्रेटरींकडे चौकशी करायला कोण जाणार? नवा नंबर पसरायला वेळ लागत नाही, जुन्या झेरॉक्सची मुदत संपायला लागतो.

डोमेनच्या जगात ही मुदत सेकंदांत लिहितात आणि तिला टीटीएल म्हणतात. तुमच्या डोमेनच्या प्रत्येक नोंदीशेजारी हा आकडा असतो. ३०० म्हणजे पाच मिनिटं, ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे पूर्ण दिवस. तुमच्या ब्रॉडबँड कंपनीचा रिझॉल्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर, तुमच्या नेमसर्व्हरला एकदा पत्ता विचारतो आणि उत्तर या मुदतीपुरतं जपून ठेवतो. त्याला कॅशे म्हणतात. मुदत संपेपर्यंत तो पुन्हा विचारत नाही. मोबाईल कंपनीचा रिझॉल्व्हर वेगळा, त्याने वेगळ्या वेळी विचारलेलं, म्हणून त्याची मुदतही वेगळ्या वेळी संपते. तुमच्या हातातल्या फोनवर नवी साईट आणि त्याच खोलीतल्या वायफायवर जुनी, याचं कारण हे आहे. मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमध्ये तर एकाच पत्त्यामागे अनेक यंत्रं असतात आणि त्यांची कॅशे वेगवेगळी असू शकते. त्यामुळे एकदा नवी साईट दिसून पुन्हा जुनी दिसू लागली, तर तुमच्या हातून काही बिघडलंय असं समजू नका.

अंतराचा या विलंबाशी संबंध नाही. पनवेलजवळ योट्टा कंपनीचं एनएम-१ हे मोठं डेटा सेंटर २०२० पासून चालू आहे. नवा सर्व्हर तिथे, म्हणजे खांदेश्वरहून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ ठेवलात, तरी वायफायवर जुनी साईट तेवढाच वेळ दिसली असती. डोमेनव्यवस्थेच्या मुळाशी जे रूट सर्व्हर आहेत, त्यांच्यापैकी एकाची प्रत तर ऑगस्ट २००५ पासून मुंबईत आहे. पत्ता विचारून उत्तर यायला सेकंदाचा छोटासा अंश लागतो. प्रश्न विचारलाच जात नाही, तिथे अडतं.

मग ‘अठ्ठेचाळीस तास’ हा आकडा कुठून आला? अमुक डोमेनचे नेमसर्व्हर कोणते, ही नोंद डॉट कॉमच्या वरच्या यादीत असते आणि तिथे तिचा टीटीएल १,७२,८०० सेकंद आहे. म्हणजे बरोबर दोन दिवस. तुम्ही नेमसर्व्हरच बदललेत, तर काही रिझॉल्व्हर इतका वेळ जुन्या नेमसर्व्हरकडे जात राहू शकतात. पण नेमसर्व्हर तेच ठेवून फक्त पत्त्याची नोंद, म्हणजे ए रेकॉर्ड बदललात, तर मुदत तुमच्या स्वतःच्या टीटीएलएवढीच. होस्टिंग बदललं की नेमसर्व्हरही बदलायलाच हवेत, असं पुष्कळजण धरून चालतात. तसं बंधन नाही. पुढच्या दोन्ही साईटसाठी माझं आग्रहाचं सांगणं आहे: नेमसर्व्हरला हात न लावता काम होत असेल तर लावू नका.

आता तपासणीकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच आहे. जग जुन्या पत्त्यावर जात असताना एकट्या तुमच्या लॅपटॉपला नव्या सर्व्हरवर नेता येतं, आणि त्यासाठी डोमेनमध्ये काहीही बदलावं लागत नाही. लॅपटॉपमध्ये ‘होस्ट्स’ नावाची एक साधी मजकुराची फाईल असते. कुठल्याही नावाचा पत्ता बाहेर विचारण्याआधी संगणक या फाईलमध्ये पाहतो. तिथे सापडला तर बाहेर विचारतच नाही.

या फाईलचा इतिहास मला फार आवडतो. डोमेनव्यवस्था येण्याआधी अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वीच्या जाळ्यावरच्या, सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच फाईलमध्ये असत. ती फाईल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची कचेरी सांभाळायची. नवा संगणक जोडला की तिथे कळवायचं, मग ती नोंद करणार, आणि बाकीच्यांनी अधूनमधून ताजी फाईल उतरवून घ्यायची. संगणक वाढत गेले तसं हे आवरेना. म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आज आपण वापरतो ती डोमेनव्यवस्था मांडली. नव्या व्यवस्थेने ती मध्यवर्ती यादी मोडीत काढली, पण प्रत्येक संगणकातली होस्ट्स फाईल राहिली. चाळीसहून अधिक वर्षं झाली, तरी तुमच्या लॅपटॉपमध्ये ती आजही आहे आणि तिचा शब्द आजही आधी मानला जातो.

विंडोजमध्ये ती सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टीम ३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी या फोल्डरमध्ये सापडेल. नोटपॅडवर उजवं क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा आणि मग त्यातून ही फाईल उघडा, नाहीतर सेव्ह होणार नाही. फाईलच्या नावामागे टीएक्सटी लागता कामा नये. नोटपॅड कधीकधी ते शेपूट आपणहून जोडतं आणि मग केलेल्या बदलाचा काहीच परिणाम दिसत नाही. मॅक आणि लिनक्समध्ये हीच फाईल ईटीसी फोल्डरमध्ये असते. शेवटी एक ओळ जोडायची: आधी नव्या सर्व्हरचा आयपी, म्हणजे आकड्यांतला पत्ता, समजा २०३.०.११३.१०, मग एक मोकळी जागा, मग डोमेनचं नाव, पुन्हा मोकळी जागा आणि तेच नाव सुरुवातीला तीन डब्ल्यू लावून. दोन्ही रूपं लिहिणं महत्त्वाचं. आकडे अर्थातच इंग्रजी लिपीतले. एचटीटीपी किंवा तिरकी रेघ यातलं काही लिहायचं नाही. सेव्ह करा, ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. तरी जुनी साईट दिसली तर संगणकाची डीएनएस, म्हणजे डोमेनव्यवस्थेची, कॅशे रिकामी करा. ऑफिसच्या प्रॉक्सीमागे बसला असाल तर मात्र नाव शोधण्याचं काम प्रॉक्सीच करतो, तिथे ही युक्ती लागू पडणार नाही.

समोर दिसतेय ती साईट नव्या सर्व्हरवरचीच, याची खात्री डोळ्यांवर सोडू नका. हलवलेली साईट हुबेहूब जुनीसारखी दिसावी हाच तर आपला प्रयत्न असतो. नव्या सर्व्हरवर एक छोटी फाईल ठेवा, आत फक्त ‘नवा सर्व्हर’ एवढं लिहा, आणि ब्राउझरमध्ये ती उघडून पाहा. उघडली म्हणजे तुम्ही योग्य घरात आहात.

तुमच्या मनात येईल, ही फाईल कशाला, सरळ आयपीच ब्राउझरमध्ये टाकला तर? स्वस्त होस्टिंगमध्ये एका आयपीवर शेकडो साईट राहतात. सिडकोच्या इमारतीचं फाटक एक आणि बिऱ्हाडं अनेक, तसं. वॉचमन विचारतो, ‘कोणाकडे?’ ब्राउझर त्याला डोमेनचं नाव सांगतो आणि त्यावरून सर्व्हर योग्य साईट काढून देतो. नुसता आयपी दिलात तर नावच सांगितलं जात नाही, म्हणून होस्टिंग कंपनीचं कोरं पान दिसतं. होस्टिंगवाले तपासणीसाठी एक तात्पुरता पत्ता देतात, तोही वर्डप्रेसला बऱ्याचदा पुरत नाही. वर्डप्रेस स्वतःचा पत्ता डेटाबेसमध्ये लिहून ठेवतं. तात्पुरत्या पत्त्यावरून आत शिरलात की ते तुम्हाला मूळ डोमेनवर, म्हणजे जुन्या सर्व्हरवर पाठवून देतं. अर्ध्या चित्रांचे दुवेही तिकडचेच असतात. होस्ट्स फाईलमुळे साईटला शेवटी ज्या नावाने राहायचंय त्याच नावाने ती पाहता येते, आणि चुका खऱ्या जागी दिसतात.

एक इशारा ब्राउझरकडून मिळेल: ‘ही जोडणी सुरक्षित नाही’. नव्या सर्व्हरला अजून प्रमाणपत्र मिळालेलं नसतं. लेट्स एन्क्रिप्टसारखी मोफत सेवा सहसा डोमेन ज्या सर्व्हरकडे बोट दाखवतं त्यालाच प्रमाणपत्र देते, आणि डोमेन तर अजून जुन्याकडे आहे. यातून दोन वाटा निघतात. जुन्या सर्व्हरवरचं प्रमाणपत्र आणि त्याची किल्ली नव्यावर नेऊन ठेवा, किंवा डोमेनच्या नोंदींमध्ये एक मजकुराची नोंद घालून मालकी सिद्ध करा आणि प्रमाणपत्र आधीच मिळवा. दुसरी वाट थोडी खटपटीची आहे. पण मोदकांचे पैसे ऑनलाईन घेणाऱ्या साईटवर गिऱ्हाईकाला लाल इशारा दिसला तर ते परत येत नाही, तेव्हा ती खटपट मी करीनच.

या पद्धतीची मर्यादाही नीट समजून घ्या. होस्ट्स फाईल तुमच्यापुरती आहे. तुमच्या लॅपटॉपवरून सर्व्हरकडे जाणारं सगळं तपासता येतं: पानं, चित्रं, फॉर्म, ऑर्डरची टोपली. बाहेरून साईटकडे येणारं काही तपासता येत नाही. पेमेंट कंपनी पैसे जमा झाल्याचा निरोप तुमच्या साईटला पाठवते तेव्हा ती तुमची होस्ट्स फाईल वाचत नाही. तो निरोप जुन्या सर्व्हरवरच जाणार. म्हणून तपासणीत पैसे कापले गेले आणि नव्या साईटवर ऑर्डर ‘प्रलंबित’ राहिली, तर कोडमध्ये चूक शोधत रात्र घालवू नका. मोबाईलचंही तसंच. साध्या अँड्रॉइड फोनमध्ये ही फाईल बदलता येत नाही, त्यामुळे लॅपटॉपच्या ब्राउझरमधल्या मोबाईल दृश्यावर भागवावं लागतं.

आता प्रत्यक्ष साईट हलवण्याचा दिवस. टीटीएल आपल्या हातात असतो, पण तो आधी कमी करावा लागतो. हे ‘आधी’ चुकतं आणि तिथेच दोन दिवस जातात. ऐन वेळी ३०० केलात तर उपयोग नाही, कारण लोकांच्या झेरॉक्सवर जुनी मुदत छापून झालेली आहे. समजा शनिवारी रात्री साईट हलवायची आहे आणि टीटीएल ८६४०० आहे. मंगळवारी तो ३०० करा, पत्ता मात्र जुनाच राहू द्या. बुधवार रात्रीपर्यंत एक दिवसाच्या जुन्या नकला बाद होतील. काही रिझॉल्व्हर सांगितलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ नक्कल धरून ठेवतात, त्यांच्यासाठी गुरुवार-शुक्रवार मोकळे सोडा. शनिवारी रात्री अकराला पत्ता बदललात की बहुतेकांना सव्वाअकराच्या आत नवी साईट दिसू लागेल. काही बिनसलं तर तितक्याच लवकर जुन्या पत्त्यावर परतही येता येतं, आणि मला वाटतं खरा दिलासा यातच आहे. सगळं सुरळीत चाललं की चार दिवसांनी टीटीएल पुन्हा वाढवा. तो कायम पाच मिनिटांवर ठेवू नये. नेमसर्व्हर कधी तासभर बंद पडला, तर लोकांकडच्या नकलांवरच तुमची साईट तग धरते.

एक गोष्ट अनुभवातून सांगतो. एका वाचनालयाच्या साईटला मी पुस्तकांच्या यादीसाठी नवं उपनाव देणार होतो. उत्साहाच्या भरात नोंद करायच्या आधीच समितीच्या मंडळींना पत्ता सांगून टाकला. त्यांनी तो लगेच उघडून पाहिला. पाच मिनिटांनी मी नोंद केली, माझ्या फोनवर यादी उघडली, आणि त्यांच्याकडे मात्र तासभर ‘असा पत्ता नाही’ एवढंच. रिझॉल्व्हर ‘आहे’ हे उत्तर जपून ठेवतो, तसं ‘नाही’ हेही ठेवतो. किती वेळ, हे डोमेनच्या एसओए नोंदीतल्या आकड्यांवरून ठरतं आणि १९९८ पासून त्याचा लिखित नियम आहे. त्या सगळ्यांना जिन्याजवळच्या टेबलाभोवती ताटकळत उभं राहिलेलं पाहून मला वाईट वाटलं होतं. तेव्हा नवं नाव आधी तयार करा, मगच कोणाला सांगा, आणि स्वतःसुद्धा त्याआधी उघडून पाहू नका.

ताईंच्या ऑर्डर दोन्ही सर्व्हरवर विखुरल्या गेल्या असतील, तुम्ही लिहिलं नाहीत तरी मला शंका आहे. पुढच्या वेळी पत्ता बदलण्याआधी जुन्या साईटवर ऑर्डर घेणं थांबवा, ‘साईट हलवत आहोत, फोन करा’ एवढी पाटी लावा, डेटाबेसची शेवटची प्रत नव्यावर न्या आणि मग पत्ता बदला. जुनं होस्टिंग त्याच दिवशी बंद करू नका, निदान आठवडाभर चालू ठेवा. आणि नेमसर्व्हर बदलणं टळतच नसेल, तर आधीच्या सगळ्या नोंदी, विशेषतः मेलच्या एमएक्स नोंदी, नव्या नेमसर्व्हरवर जशाच्या तशा उतरवून घ्या. साईट बंद पडली की पाच मिनिटांत कळतं. मेल यायचं थांबलं तर एखादं गिऱ्हाईक रागावून फोन करेपर्यंत पत्ता लागत नाही.

डोमेनला डीएनएसएसईसी, म्हणजे नोंदींवर डिजिटल सही करण्याची सोय, लावलेली असेल तर आणखी जपा. त्यात वरच्या यादीत एक सही-पडताळणीची नोंद असते आणि तिचीही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी स्लॅक या मोठ्या कंपनीने ही सोय लावून घाईने मागे घेतली. डॉट कॉमकडच्या त्या नोंदीची मुदत २४ तासांची होती, त्यामुळे अनेक रिझॉल्व्हर सही शोधत राहिले, सही मिळेना, आणि काही वापरणाऱ्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत स्लॅक उघडता आलं नाही. इतकी कुशल माणसं हाताशी असूनही त्यांना आधीच वाटलेल्या नकला परत घेता आल्या नाहीत. गूगल आणि क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरवर एखाद्या नावाची नक्कल पुसून घेण्याची सोय आहे, ती जरूर वापरा. पण घरोघरच्या ब्रॉडबँडच्या रिझॉल्व्हरपर्यंत आपला हात पोचत नाही.

राहिला डॉट भारत. हा देवनागरी शेवट ऑगस्ट २०१४ मध्ये खुला झाला. हिंदी, मराठी, कोकणी अशा भाषांसाठी निक्सी ही संस्था तो चालवते. मुदतीचा, टीटीएलचा, नकलांचा सगळा हिशेब त्यालाही तोच लागू आहे. फरक पडतो तो होस्ट्स फाईलमध्ये. डोमेनव्यवस्थेच्या पोटात देवनागरी अक्षरं जशीच्या तशी जात नाहीत. ब्राउझर त्यांचं प्युनीकोड नावाच्या पद्धतीने रोमन अक्षरांत रूपांतर करतो आणि पुढे एक्स, एन आणि दोन हायफन लावतो. ‘भारत’चं रूप होतं एक्स, एन, दोन हायफन, मग एच, २, बी, आर, जे, ९, सी. होस्ट्स फाईलमध्ये देवनागरी नाव लिहिलंत तर ब्राउझर ज्या रूपाने शोधतो ते तिथे सापडणारच नाही आणि तुम्ही निमूट जुन्या सर्व्हरवर जाल. तेव्हा संपूर्ण नावाचं प्युनीकोड रूप रजिस्ट्रारच्या पानावरून घ्या आणि तेच फाईलमध्ये उतरवा. वर्डप्रेसच्या पत्त्याच्या रकान्यातही बहुधा हेच रूप बसलेलं असेल, तेही त्याच वेळी तपासून घ्या.

शनिवारी रात्री साईट हलली की होस्ट्स फाईलमधली ती ओळ लगेच पुसा, आणि मगच ताईंना ‘झालं’ म्हणून सांगा. ओळ तशीच असेल तर तुमचा लॅपटॉप तुम्हाला नवीच साईट दाखवत राहील, बाहेर जगाला काहीही दिसत असो.